अमृतरावांचे मृतराव कोण करतंय?

वाचकाचं पत्र (थोडी काटछाट करून)

'स.न.वि.वि.

मी पंचवटीत राहते. वय ६३, शिक्षिका होते. आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी निघाली. तिच्यात घराण्याचे मोडी कागद आहेत, खरेदीखतं, वाटणीपत्रं, नावांच्या याद्या. निवृत्तीनंतर मी हौसेनं मोडी शिकले होते, म्हणून हे काम माझ्याच गळ्यात पडलं. वर्षभर मी वंशावळ लॅपटॉपवर उतरवतेय. सिंहस्थाला गावोगावचे भाऊबंद गंगेवर येतात. त्या वेळी प्रत्येकाच्या हातात छापील प्रत द्यायची, असं मनात आहे.

अडचण अशी. लॅपटॉपच्या बसक्या कीबोर्डवर माझं मनगट दुखतं, म्हणून मुलानं वायरीचा वेगळा कीबोर्ड आणि बिनवायरीचा माउस घेऊन दिला. लॅपटॉपला यूएसबीची भोकं दोनच. एकात चार तोंडांचं हब लावलंय आणि कीबोर्ड, माउसचं डोंगल (भोकात खोचायचा त्याचा चिमुकला तुकडा) दोन्ही त्यात. दुसरं हार्ड डिस्कसाठी. इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवायची मला सवय आहे. पण नाव टाइप केलं की पहिलं अक्षरच गायब! विठ्ठलचा इठ्ठल होतो, तुकारामचा उकाराम. परवा अमृतराव या आमच्या चुलत आजेसासऱ्यांचं नाव "मृतराव" असं उमटलं. माझ्या लक्षात यायच्या आत मुलीनं ते पान घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवूनही दिलं. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

चहा करून परत आले की माउस मेल्यासारखा. डोंगल काढून परत लावलं की चालू. कीबोर्डवरचा हिरवा दिवाही अशा वेळी विझलेला असतो. घरातली वीज गेली की हे सगळं जास्त होतं. फोटो हार्ड डिस्कवर चढवताना तर माउस वेगळ्याच तऱ्हेनं अडखळतो. लॅपटॉपच्या स्वतःच्या कीबोर्डनं मात्र एकदाही दगा दिलेला नाही. मुलगा पुण्याहून येतो, अर्धा तास धडाधड टाइप करतो आणि म्हणतो, "आई, काहीही झालेलं नाही."

एम.जी. रोडवरच्या एका दुकानात दाखवलं. त्यांनी आधी माउस बदलला, ६५० रुपये. मग कीबोर्ड, ९०० रुपये. आता म्हणतात मदरबोर्डचा यूएसबीचा भाग गेलाय, ९,००० रुपये लागतील आणि लॅपटॉप आठ दिवस ठेवून घ्यावा लागेल. करून टाकू का?

एक वाचक, पंचवटी'

ताई,

करू नका. ९,००० रुपये तुमच्याजवळ राहू द्या आणि लॅपटॉप टेबलावर. १,५५० तर गेलेच आहेत. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' म्हणतात तसं झालंय. (आपलं सोमेश्वर गंगापूर रोडला असल्यामुळे ही म्हण नाशिकातच जन्मली, असं मी लहानपणी धरून चाललो होतो.)

तुम्ही पत्र फार नेमकं लिहिलंय. शिक्षिकेचं पत्र म्हणून कौतुक करत नाही, पण दुकानदारानं ते नीट ऐकून घेतलं असतं तर कीबोर्ड बदलायची वेळ आली नसती. मोडलेली वस्तू घड्याळ बघून मोडत नाही. भोकातला पत्रा सैल झाला असेल तर तो टाइप करता करता मधेच दगा देईल, शब्दाच्या मध्यावर, तुमच्या हातून आणि मुलाच्याही हातून. तुमचं अक्षर जातं ते फक्त पहिलं, आणि ते फक्त तुमचं जातं.

तुमचं का आणि मुलाचं का नाही? तो धडाधड टाइप करतो म्हणून. तुम्ही एक नाव टाइप करता आणि कागदाकडे वळता. मोडीत लिहिणाऱ्यानं बोरू उचललेलाच नसतो, दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो. एक नाव लागायला तुम्हाला दोन मिनिटं लागत असतील, एखाद्या वाळवीनं खाल्लेल्या ओळीला पाच. तेवढ्या वेळात कीबोर्ड झोपलेला असतो. तुम्ही 'व्ही' दाबता तेव्हा तो जागा होतो आणि 'आय'पासून कामाला लागतो. म्हणून विठ्ठलचा इठ्ठल. अमृतरावांचा 'ए' त्याला उठवण्यात खर्ची पडला आणि राहिले ते मृतराव. सासूबाईंना हे जसंच्या तसं वाचून दाखवा. सुनेचा काही दोष नव्हता एवढं तरी कळेल.

आता त्याला झोपवतं कोण? लॅपटॉपची काटकसर.

यूएसबीनं जोडलेल्या वस्तूला ५ व्होल्टची वीज लॅपटॉपकडून मिळते आणि लॅपटॉप तिला साधारण दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदात हजारदा, एक हाक देत असतो. वस्तू बराच वेळ रिकामी बसली आहे असं वाटलं की विंडोज त्या वाटेवरच्या हाका थांबवतं. सलग ३ मिलिसेकंद हाक आली नाही की वस्तूनं समजायचं, निजायची वेळ झाली. आणि निजल्यावर २.५ मिलिअँपिअरपेक्षा जास्त वीज ओढायची नाही, असा यूएसबीचा नियम आहे. जागेपणी यूएसबी २ च्या भोकातून ५०० मिलिअँपिअरपर्यंत मिळू शकते, यावरून फरक लक्षात घ्या. तुमचा हिरवा दिवा विझतो तो यामुळेच. एवढ्याशा विजेत दिवा मिरवणं परवडत नाही. दुकानात कुणी त्या दिव्याकडे बघितलं असतं तर तिथेच उलगडा झाला असता.

झोपलेल्या कीबोर्डवर बोट पडलं की तो लॅपटॉपला खूण करतो, लॅपटॉप निदान २० मिलिसेकंद 'ऊठ' म्हणून इशारा धरून ठेवतो, मग पुन्हा हाका सुरू होतात. कागदावर हा वेळ पापणी लवण्याहूनही थोडा आहे. पण मधे हब असेल तर आधी हबला उठावं लागतं, मग त्याच्यामागे कीबोर्डला. आणि स्वस्तातले पुष्कळ कीबोर्ड, ज्या बोटानं उठवलं ते बोट कोणत्या अक्षरावर पडलं होतं हेच लक्षात ठेवत नाहीत. दार वाजवणाऱ्याला आत घेतलं, पण त्यानं काय निरोप आणला होता ते विचारलंच नाही, असा प्रकार.

लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड का वाचतो? बहुतेक लॅपटॉपांत तो आतल्या आत वेगळ्या वाटेनं जोडलेला असतो, यूएसबीतून येतच नाही. त्यामुळे ही काटकसर त्याच्या वाट्याला येत नाही.

माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवू नका, आधी परीक्षा घ्या. तुम्हाला परीक्षा घ्यायची सवय आहेच. मोबाइलवर घड्याळ लावा. कोऱ्या पानावर 'विठ्ठल' टाइप करा, मग हात मांडीवर. १० सेकंदांनी पुन्हा विठ्ठल. मग ३० सेकंदांनी, मग २ मिनिटांनी, मग ५. माउसलाही हात लावायचा नाही. कितव्या विठ्ठलाचा इठ्ठल झाला ते वहीत लिहा. हीच परीक्षा एकदा चार्जर लावून आणि एकदा काढून घ्या. थांबण्याचा वेळ वाढला की अक्षर जातं आणि चार्जर काढला की लवकर जातं, असं दिसलं तर निदान पक्कं. मी तर म्हणतो ही वही नंतर दुकानातही घेऊन जा.

आता दुरुस्ती. पहिली पायरी फुकटची आणि सगळ्यांत सोपी. कीबोर्ड हबमधून काढा आणि थेट लॅपटॉपच्या भोकात लावा. हब झोपलं की त्याच्यावर लटकलेलं सगळं कुटुंब झोपतं. तुमचे कीबोर्ड आणि माउस दोघंही एकाच हबवर आहेत, म्हणून दोघं एकाच वेळी मान टाकतात. हार्ड डिस्क रोज लागत नाही. ती लागेल त्या दिवशी बघू. विठ्ठल परीक्षा पुन्हा घ्या. कित्येकांचं काम इथेच भागतं.

भागलं नाही तर सेटिंग. स्टार्टवर क्लिक करून नुसतं 'एडिट पॉवर प्लॅन' असं इंग्रजीत टाइप करा. ते या वेळी लॅपटॉपच्या कीबोर्डवरच करा, नाहीतर 'डिट पॉवर प्लॅन' होईल आणि काही सापडणार नाही. जी खिडकी उघडेल तिच्यात खाली 'चेंज ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज' असं निळ्या अक्षरांत दिसेल. ते दाबलं की लांबलचक यादी येते. तिच्यात 'यूएसबी सेटिंग्ज' शोधा, अधिकाच्या चिन्हावर टिचकी मारा, आत 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड सेटिंग' आहे. सस्पेंड म्हणजे निलंबित. सरकारी नोकरीत हा शब्द ऐकला की घाम फुटतो. इथे मात्र दर दोन मिनिटांनी निलंबन आणि पहिल्या हाकेला पुन्हा हजर.

याच्याखाली दोन ओळी दिसतील, 'ऑन बॅटरी' आणि 'प्लग्ड इन'. वीज गेल्यावर त्रास का वाढतो, त्याचं उत्तर या दोन ओळींत आहे. लॅपटॉप चार्जरवर असताना एक हिशोब चालवतो आणि बॅटरीवर आला की दुसरा, जास्त चिक्कूपणाचा. खूप जण चार्जरची ओळ बदलतात, दुसरी विसरतात आणि पावसाळ्यात पहिल्यांदा वीज गेली की 'पुन्हा बिघडलं' म्हणून फोन करतात. तुम्ही दोन्ही ओळी 'डिसेबल्ड' करा, 'अप्लाय', 'ओके'.

मग रिस्टार्ट. शटडाउन करून पुन्हा चालू केलं तर ते चालणार नाही, हे मुद्दाम सांगतो. विंडोज ८ पासून शटडाउन म्हटलं तरी विंडोज पुष्कळदा आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तोच उचलून पुढे चालू करतं, म्हणजे चालू व्हायला वेळ कमी लागतो. खरं नव्यानं सुरू व्हायचं असेल तर रिस्टार्टच. तुमचा मुलगा फोनवर 'रिस्टार्ट कर' म्हणतो ते अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. फक्त सेटिंग न बदलता केलेलं रिस्टार्ट म्हणजे नुसतं तोंड धुणं.

अजूनही अक्षर जात असेल तर एक दार आणखी आहे. स्टार्टच्या बटणावर उजवी टिचकी मारा आणि 'डिव्हाइस मॅनेजर' निवडा. शेवटाकडे 'युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स' असं लांबलचक नाव दिसेल. ते उघडलं की आत 'यूएसबी रूट हब' असतं, कधी एक, कधी तीन-चार. तुमचं बाहेरचं हब 'जेनेरिक यूएसबी हब' या नावानं बसलेलं असेल. एकेकावर दोनदा टिचकी, 'पॉवर मॅनेजमेंट' हे पान, आणि तिथली पहिली खूण काढून टाका. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला संगणकाला परवानगी आहे, अशा अर्थाचं वाक्य तिथे आहे. ती परवानगी काढून घ्यायची. जितकी हब दिसतील तितक्यांची काढा, उगाच एखादं सोडू नका. मग 'ह्युमन इंटरफेस डिव्हायसेस' आणि 'माइस'च्या यादीत असं पान दिसलं तर तिथेही तेच. त्याच पानावर संगणकाला झोपेतून जागं करायच्या परवानगीची वेगळी खूण असू शकते. तिला हात लावू नका, ती उपयोगाची आहे.

एक शक्यता अशी की 'पॉवर मॅनेजमेंट' हे पानच तुमच्या लॅपटॉपवर नसेल आणि मघाची सस्पेंडची ओळही नसेल. घाबरून जाऊ नका, तुमचं काही चुकलेलं नाही. अलीकडचे बरेच लॅपटॉप मोबाइलसारखे झोपतात, वरवर बंद आणि आत एक डोळा उघडा. अशांवर विंडोज या जुन्या खुणा पुष्कळदा दाखवतच नाही. तुमचा त्यातला आहे का हे बघायचं असेल तर 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून इंग्रजीत 'पॉवरसीएफजी' असा एकसंध शब्द, मग एक जागा, मग तिरपी रेघ आणि 'ए' टाइप करून एंटर करा. वरच्या ओळींत 'एस झिरो लो पॉवर आयडल' दिसलं तर तो त्यातलाच. यावर इंटरनेटवर रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची आतली नोंदवही, उघडून अमुक आकडा बदला असे उपाय सापडतील. ते करू नका. वंशावळ पूर्ण होईपर्यंत तरी नाहीच. आतला एखादा चुकीचा आकडा बदलला तर पहिल्या अक्षरासाठी सगळं पुस्तक घालवून बसाल.

त्याऐवजी 'सेटिंग्ज'मध्ये जा, 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', त्यात सगळ्यांत खाली 'यूएसबी'. तिथे 'यूएसबी बॅटरी सेव्हर' नावाची खूण आहे. पडदा काळा झाला की जोडलेली उपकरणं थांबवून बॅटरी वाचवायची, एवढंच तिचं काम. तुमच्या चहाचा आणि माउसचा संबंध बहुतेक इथे आहे. चहा उकळेपर्यंत पडदा काळा होतो आणि माउसचं डोंगल त्याच्याबरोबर जातं. ही खूण काढा. ही तर सगळ्यांनीच काढून बघावी. लॅपटॉप कंपनीनं स्वतःचं वीज वाचवायचं ॲप घालून दिलेलं असेल तर तेही उघडून बघा. विंडोजमध्ये तुम्ही एक ठरवता आणि ते ॲप मागच्या दारानं दुसरंच ठरवतं, असं होतं.

माउसबद्दल थोडं वेगळं. बिनवायरीचा माउस स्वतःचा सेल वाचवायला स्वतःहूनही झोपतो. असा माउस नुसता हलवून उठला नाही तरी बटण दाबलं की उठतो. तेवढ्यानं उठला तर तो त्याचा स्वभाव आहे, दोष नाही. उठला नाही आणि डोंगल काढूनच लावावं लागलं, तर झोपलंय ते लॅपटॉपच्या बाजूचं. तुमचं दुसऱ्या प्रकारात बसतं.

हार्ड डिस्क लावल्यावर तो अडखळतो, ते दुखणं तिसरंच आहे. वीज वाचवण्याशी त्याचा काही संबंध नाही, आणि ही गाठ तुमच्या दुकानदाराला न सुटणं मी समजू शकतो. बिनवायरीचा माउस २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओपट्ट्यात बोलतो. यूएसबी ३ ची वस्तू, म्हणजे बहुतेक तुमची हार्ड डिस्क, जोरात काम करते तेव्हा तिची वायर आणि तिचं भोक याच पट्ट्यात गोंगाट करतात. इंटेलनं २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. डोंगल त्या वायरीला खेटून बसलं असेल तर माउसचा बारीक आवाज त्याला ऐकू येत नाही. सिंहस्थात ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्याखाली उभं राहून घरच्यांना हाक मारून बघा, तसं. उपाय म्हणजे अंतर. हार्ड डिस्क लावायच्या दिवशी ती थेट भोकात लावा आणि डोंगल वीतभर लांबीच्या एक्स्टेन्शन वायरीवर, माउसच्या जवळ आणून ठेवा. हबची वायर लांब असेल तर तेही चालेल. वायर शंभर-दीडशे रुपयांत मिळते. दुकान बदला एवढंच.

तुम्ही विचाराल, ही काटकसर सगळी बंद केली तर बॅटरी लवकर नाही का संपणार? संपेल, पण तुम्हाला जाणवेल इतकी नाही. साधा कीबोर्ड नियमानं १०० मिलिअँपिअर घेतो असं धरलं, तरी तो अर्धा वॉट होतो, आणि प्रत्यक्षात तो याहून पुष्कळ कमी घेतो. लॅपटॉपचा पडदा एकटाच याच्या कितीतरी पट खातो. ही सोय केली ती मूर्खपणानं केलेली नाही, हेही सांगायला हवं. लॅपटॉपच्या आतला कॅमेरा, बोटाच्या ठशाचं यंत्र, कार्ड वाचायचं भोक असं पुष्कळ काही आतून यूएसबीवरच असतं, आणि ते उगाच जागं राहिलं तर प्रोसेसरही गाढ झोपू शकत नाही. प्रवासात त्याचा फायदा आहे. पण तुम्ही टेबलाशी, चार्जरशेजारी बसून काम करणार. तुम्ही ही काटकसर करायची काही गरज नाही. पुण्याला मुलाकडे जाताना गाडीत लॅपटॉप उघडणार असाल, तर 'ऑन बॅटरी'ची ओळ तेवढ्यापुरती परत चालू करा. ते एक मिनिटाचं काम.

आणखी एक बारकावा, कारण तुम्ही कागदावर वाकून वाचता. उजवी शिफ्ट सलग ८ सेकंद दबून राहिली की विंडोज 'फिल्टर कीज' चालू करू का म्हणून चौकट दाखवतं. वाचण्याच्या नादात एंटर दाबलं की ती चालू होते आणि मग झटकन मारलेली अक्षरं ती मोजतच नाही. शब्दाच्या मधली अक्षरंही जायला लागली तर 'सेटिंग्ज'मधल्या 'ॲक्सेसिबिलिटी'त जाऊन ती बंद आहे ना ते बघा. माझ्या ओळखीचे कोर्टाजवळ बसणारे एक टायपिस्ट या शिफ्टपायी आठवडाभर कीबोर्डला शिव्या घालत होते. मीही त्यांना आधी नवा कीबोर्ड घ्या म्हणालो होतो. त्यांनी घेतला. चूक माझी होती, पैसे त्यांचे गेले, आणि अजून चहा तेच पाजतात.

विंडोजचं मोठं अपडेट आलं की यातली एखादी खूण परत आपल्या जागी जाऊन बसते, हे ध्यानात असू द्या. तीन-चार महिन्यांनी इठ्ठल पुन्हा अवतरला तर दुकानाची वाट धरू नका, आधी ही खूण तपासा. म्हणून कोणकोणत्या खुणा काढल्या ते त्या वहीत, परीक्षेच्या खाली, लिहून ठेवा.

आणि हो, मदरबोर्ड खरंच कधी गेला असं समजायचं? वायर जरा हलवली की कीबोर्ड बंद पडतो, पेन ड्राइव्ह त्याच भोकात लावल्यावर नक्कल चालू असताना मधेच तुटतो, उपकरण ओळखता येत नाही अशी सूचना पुनःपुन्हा येते, हे सगळं न थांबता टाइप करतानाही होतं आणि हाच कीबोर्ड दुसऱ्या लॅपटॉपवर पाच-पाच मिनिटं थांबूनही सुरळीत चालतो. असं असेल तर दुरुस्तीचं बोलता येईल. तेव्हाही लॅपटॉप ठेवून येण्याआधी पेटीतल्या कागदांचे सगळे फोटो आणि वंशावळीची प्रत हार्ड डिस्कवर घेऊन ती घरी ठेवा.

आता वर्षभर टाइप झालेल्या यादीचं काय? यात तुमचा वेळ जाणार आहे, म्हणून थोडी युक्ती सांगतो. पहिली इंग्रजी कळ गेली की व्यंजनानं सुरू होणारं नाव बहुधा स्वरानं सुरू होतं. सखारामचा अखाराम, रघुनाथचा अघुनाथ, काशीबाईची आशीबाई. म्हणजे आधीच सगळी यादी तपासायची गरज नाही. अ, आ, इ, उ, ए, ओ यांनी सुरू होणारी नावं आधी बघा. त्यात अनंत, आनंदी, उमा खरीखुरी असतील, ती ओळखू येतातच. दुसरा गठ्ठा 'ह'चा. शंकर, शेवंता, भागीरथी, धोंडू यांना दोन कळा लागतात. पहिली गेली की 'एच' उरतो, म्हणून हंकर, हेवंता, हागीरथी. भगवान नावाच्या माणसाचं काय झालं असेल ते मी इथे छापत नाही. तुम्हीच मनात टाइप करून बघा, आणि ते पान ग्रुपवर जाण्याआधी बघा.

मृतरावांसारखी नावं सापडायला अवघड, कारण त्यांचा शब्द उलट बाजूनं मोडलाय. स्वर गेला आणि जे उरलं तेही अर्थाचं निघालं. त्यांच्यासाठी मूळ कागदाशी एकदा ताडून बघण्याला पर्याय नाही. ते काम मुलीला द्या, पान तिनंच पाठवलं होतं.

इठ्ठल दिसला की मात्र डोळे मिटून 'विठ्ठल' करत सुटू नका. जुन्या कागदांत इठोजी, इठाबाई अशी नावं खरोखरीच येतात. मोडीतच तसं लिहिलेलं असेल तर ते तसंच राहू द्या.